ऱ्हायलं आसल तर बोला

रत्नागिरी,
१२ जानेवारी २०२५

सखातात्या,

मायना लिहिताना दोन कागद फाडले, आता नुसतंच नाव लिहितोय. वेदिका फोनवर म्हणाली, "बाबा खेडला आल्यापासून फोनवर कोणाशी बोलत नाहीत. पत्र आलं तर वाचतील." म्हणून हे पत्र. मी गुरुप्रसाद, आडखारच्या दत्तारामचा मुलगा. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मला विसरायचं तुम्ही ठरवलं असेल तर निदान पुढचं वाचण्याआधी कळावं.

कामाचं आधी सांगतो. आमच्या कंपनीची कोळंबी परदेशात जाते. तिथले गिऱ्हाईक दर तीन वर्षांनी तपासणी करून घेतात. कारखाना गावाच्या संमतीने उभा राहिला का, गावाचं काही नुकसान होतंय का, असं सगळं विचारतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून मनस्वी नावाच्या बाई त्यासाठी येणार आहेत. आमच्या फायलीत तुमचं नाव तीन ठिकाणी आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नवलाईच्या देवळात तुम्ही गावाचे गुरव म्हणून कौल लावलात, देवीच्या अंगावरचा उजवा कळा पडला आणि गावाने कारखान्याला होकार दिला. कळा पडतानाचा फोटो आमच्या शाश्वत विकासाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. त्याच्याखालचा मजकूर माझा. 'निर्णयप्रक्रियेत शंभर टक्के ग्रामस्थांचा सहभाग.' त्या अहवालाला बक्षीस मिळालं होतं, तुम्हाला दाखवलं होतं, समुद्रातल्या प्लास्टिकची केलेली मासोळी. ती सध्या माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते.

तर विनंती अशी, की कौल रीतीप्रमाणे लावला होता आणि गावाने राजीखुशीने होकार दिला होता, एवढं लिहून खाली सही करून पाठवावी. मसुदा सोबत जोडला आहे.

गावात तुमच्याबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर आहे. "गुरवाने कंपनीचं मीठ खाल्लं." माझा त्यावर विश्वास नाही. गेल्या पावसाळ्यानंतर खाडीतले शिंपल्यातले मुळे मेले, बायकांची टोपली रिकामी राहिली, की लोक कोणाला तरी धरणारच. कारखान्याचं पाणी कुठे सोडायचं ते इंजिनियरांनी ठरवलं होतं. त्यात तुमचा काय संबंध? दिवाळीनंतरच्या सभेत मी हे सांगणार होतो. त्या दिवशी मुंबईला मीटिंग निघाली.

खेडची थंडी जगबुडी नदीवरून येते म्हणतात. कानाला बांधत जा.

गुरुप्रसाद


रत्नागिरी,
९ फेब्रुवारी २०२५

तात्या,

उत्तर नाही. ठीक आहे. सहीची घाई करत नाही, बाई यायला अजून वेळ आहे.

काल खाडीवर गेलो होतो. दर महिन्याला पाण्याच्या बाटल्या भरून तपासणीला पाठवाव्या लागतात, ते काम माझ्याकडे आहे. ओहोटी होती. पूर्वी अशा सुकतीला पंधरावीस बायका गाळात वाकलेल्या दिसायच्या, काल जनीकाकी एकटीच होती. टोपलीत तीन-चार मुळे, बाकी नुसत्या उघड्या शिंपल्या. मी थर्मामीटर पाण्यात बुडवलेला बघून म्हणाली, "काय रे गुऱ्या, खाडीला ताप आलाय काय?"

मी म्हटलं, "काकी, सगळं मापात आहे."

"मापात हाय तर मुळ्यांना सांग. त्यांना म्हायीत नाय वाटतं."

पाणी खरंच मापात असतं, तात्या. कारखान्यातून ते शुद्ध करूनच सोडतात. बावीस महिन्यांचे रिपोर्ट माझ्याकडे आहेत, एकही आकडा रेघेबाहेर नाही. आणि मुळे मेले आहेत. या दोन्ही गोष्टी मी एकाच दुपारी लिहून ठेवू शकतो. हल्ली मला त्याचं काहीच वाटत नाही. बायको म्हणते, तू डॉक्टरला दाखव. दाखवलं. त्याने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

जनीकाकी पाय धूत म्हणाली, "सख्या गुरवाला आमी इचारलं, देवीला तू काय सांगितलंस? तो बोलला, जे सांगायचं ते सांगितलं. तवढ्यावर गप. दुसऱ्या म्हयन्यात गाव सोडून गेला. मग आमी काय समजायचं, तूच सांग."

मी बाटलीचं झाकण लावलं. चारही बाटल्यांची लावली. तेवढ्यात ती निघून गेली.

देवळात दिवा आहे. तुमचा पुतण्या निलेश पूजा करतो, पण कौल कोणी लावत नाही. लावायला तो तयार नाही आणि विचारायला गावही तयार नाही. जनीकाकीच्या नातीचं लग्न देवीला न विचारताच ठरलं. वरच्या वाडीतल्या दोन भावांचा विहिरीचा वाद कोर्टात गेला. वर्षापूर्वी तो एका कळ्यावर मिटला असता.

हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्हाला बोल लावायला नाही. तुम्ही जनीकाकीला जे सांगितलं नाहीत ते मला माहीत आहे, एवढंच.

त्या दिवशी सकाळी प्रश्नाची चिठ्ठी मी तुमच्या हातात दिली होती, माझ्या अक्षरात. 'गावाच्या सड्यावर मासळीचा कारखाना येत आहे. गावातल्या बायकापोरांना काम मिळेल. कारखाना यावा का?' तुम्ही ती वाचलीत, गाऱ्हाण्यात अक्षर न् अक्षर देवीला सांगितलंत. मग कळे लावण्याआधी रीतीप्रमाणे गावाकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "काय ऱ्हायलं आसल तर बोला." देवीला सगळं सांगून झाल्याशिवाय कळा लावायचा नाही. अर्धं सांगितलं तर देवी अर्ध्याचंच उत्तर देते. हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

तुम्ही तीनदा विचारलंत. दर वेळी थोडं थांबलात. दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघितलंत असं मला वाटलं, पण माझ्यामागे खांबावर घड्याळ आहे, कदाचित वेळ बघितली असेल.

माझ्या पिशवीत नवा नकाशा होता. आधीच्या नकाशात सांडपाण्याचा पाइप लांब समुद्रात जात होता. त्याच्या परवानगीला दोन वर्षं लागली असती, म्हणून तो तात्पुरता खाडीच्या तोंडाशी वळवला होता. तो बदल होऊन आठ दिवस झाले होते. कंपनीत तो चौघांना माहीत होता, गावात फक्त मला.

मी बोललो नाही. तिन्ही वेळा.

पाइपचं तोंड पाणखडकाशी आहे. तुम्ही नारळी पौर्णिमेला जिथून नारळ सोडायचात तिथे. इंजिनियरांना नेमकी तीच जागा मिळाली.

गुरुप्रसाद


रत्नागिरी,
१६ फेब्रुवारी २०२५

तात्या,

पाकीट मिळालं. वर पत्ता वेदिकाच्या हातचा. मला वाटलं सहीचा मसुदा परत आला.

आत माझी चिठ्ठी होती. तीन वर्षांपूर्वीची, वहीच्या पानाची, घडीवर तेलाचा डाग. तुम्ही ती अंगाऱ्याच्या डब्यात ठेवली असणार, कापराचा वास येतोय. दुसरं काही नाही. पाकीट झटकून बघितलं.

म्हणजे गाव अंगावर आलं तेव्हा ही तुमच्याकडे होती. जनीकाकीच्या हातात ठेवली असतीत तर पुढचं काही झालं नसतं. माझं अक्षर गावात सगळे ओळखतात, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार मीच लिहिलेत. तुम्ही ती दाखवली नाहीत. वेदिकाला विचारलं, असं का केलं तात्यांनी? ती म्हणाली, "मी पण विचारलं. बाबा बोलले, देवीसमोर इचारलं मी. चिठ्ठी कुणाची का आसंना, सवाल इचारणाऱ्याचाच. मी अजून खोदून इचारायला हवं होतं."

तुम्ही तीनदा विचारलंत, तात्या. आणखी किती खोदायचं असतं?

चिठ्ठी टेबलावर ठेवून मी दिवसभराचं काम केलं. नव्या अहवालाचं एक प्रकरण पुरं केलं, 'स्थानिक समुदायाशी नातं' नावाचं. चार वाजता बटाटावडा खाल्ला. घरी जाताना ध्यानात आलं की चिठ्ठी मासोळीखाली ठेवून आलोय, म्हणून परत वर गेलो आणि ती खिशात घातली. दिवसभरात आपणहून केलेलं तेवढं एकच काम.

सहीचा मसुदा फाडून टाका. नसेल फाडला तर.

गुरुप्रसाद


रत्नागिरी,
२४ फेब्रुवारी २०२५

तात्या,

आज साहेबांशी बोललो. तुम्ही त्यांना एकदाच बघितलंय, कौलाच्या दिवशी माझ्या शेजारी सफेद सदऱ्यात होते आणि चप्पल कुठे काढायची ते विचारत होते. माणूस वाईट नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात लिलावाला स्वतः उभे राहतात, बर्फाच्या गाडीवाल्याचंही नाव लक्षात ठेवतात.

मी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. सांगितलं की तपासणीत गावाची संमती दाखवायची असेल तर हे लपवून दाखवता येणार नाही. गावाला अर्धंच सांगितलं होतं.

त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटून बघितली. म्हणाले, "आणि सगळं सांगितलं असतं, वर डावा कळा पडला असता, तर?"

"तर पाइप समुद्रात नेईपर्यंत थांबावं लागलं असतं. दोन वर्षं."

"त्या दोन वर्षांत आपली सगळी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली असती. आज तुझ्या गावातल्या चाळीस बायका कोळंबी सोलतायत त्या घरी बसल्या असत्या. शाश्वत म्हणजे आधी टिकलं पाहिजे ना, गुरुप्रसाद?"

यातलं सगळंच खोटं नाही. जनीकाकीची सूनही त्या चाळिसात आहे. सासू खाडीतून रिकामी टोपली घेऊन येते आणि सून कारखान्याच्या गाडीतून उतरते, दोघी एकाच चुलीवरचं जेवतात. गावातल्या निम्म्या घरांत असंच आहे, म्हणून कोणी मोठ्याने बोलत नाही. तुमच्यावर बोलणं सोपं होतं. तुमच्या घरातलं कोणी कामाला नाही.

साहेब पुढे म्हणाले, की बायकांना शिवणयंत्रं देऊ, खाडीकाठी कांदळवन लावू, अहवालात ते चांगलं दिसेल. मी वहीत लिहून घेतलं. सवय.

मग विचारलं, "पण साहेब, गुरवाचं काय?"

"कोण गुरव?"

मुखपृष्ठावरचा फोटो त्यांच्या मागच्या भिंतीवर टांगलेला आहे. तुमचा हात आणि कळा. चेहरा कापलाय, नाव नाही. कापणारा मीच, चौकटीत बसत नव्हता.

शिमग्याची बैठक येत्या रविवारी, दोन तारखेला, देवळात आहे. मनस्वीबाई नेमक्या त्याच दिवशी गावात येतायत, लोकांशी बोलायला. मी त्यांना बैठकीलाच या म्हणून कळवलंय. साहेबांना कळवलेलं नाही. भीती वाटायला हवी असं वाटतं, वाटत नाही.

गुरुप्रसाद


आडखार,
३ मार्च २०२५

तात्या,

हे पत्र गावातून लिहितोय, आमच्या पडवीत बसून. काल रात्री रत्नागिरीला परत गेलो नाही.

बैठकीला साठसत्तर माणसं होती. मनस्वीबाई बायकांच्या बाजूला चटईवर बसल्या. तरुण आहेत, वेदिकाच्या वयाच्या. मी त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे बैठक सुरू करताना देवीला गाऱ्हाणं घालतात. निलेशने घातलं. आवाज तुमच्यासारखा लागत नाही, पण शब्द चुकला नाही. पालखी कुठल्या घरापासून निघणार, सहाणेवर किती दिवस बसणार, सगळं देवीला सांगून झालं. मग तो गावाकडे वळला आणि खाली बघत म्हणाला, "काय ऱ्हायलं आसल तर बोला."

तुम्ही गेल्यापासून हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात, उत्तराची कोणी वाट बघत नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी खिशात हात घातला. चिठ्ठी होती. हात तिथेच राहिला. तेव्हा मला कळलं की मागच्या वेळी मी गप्प राहिलो त्यात काही विचार नव्हता, डाव नव्हता. असंच, हात खिशात राहतो तसं राहिलो होतो. डाव असता तर बरं वाटलं असतं.

निलेशने तिसऱ्यांदा विचारलं आणि थांबला नाही, पुढचं बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "ऱ्हायलंय."

उभा राहून चिठ्ठी वाचली. म्हटलं, हे अक्षर माझं. पाइप खाडीत वळवल्याचं मला कौलाच्या आधी आठ दिवस माहीत होतं. सखातात्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा गप्प राहिलो. देवीने उत्तर दिलं ते या चिठ्ठीचं, पाइपचं नाही. गावाने होकार दिला तोही या चिठ्ठीला. तात्यांनी कोणाचं मीठ खाल्लेलं नाही. ही चिठ्ठी त्यांच्याकडे होती, त्यांनी ती माझ्यासाठी झाकून ठेवली.

आवाज कुठेही हलला नाही. अहवाल वाचल्यासारखा वाचला. मनस्वीबाई लिहून घेत होत्या, मग त्यांनी लिहायचं थांबवलं.

मला वाटलं आता मारतील, म्हणजे मारावं असं वाटलं. जनीकाकी उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, चिठ्ठी घेतली, तिला वाचता येत नाही, तरी बघितली. म्हणाली, "पावसाळा सरल्यापास्नं तो जाईपर्यंत आमी त्या म्हाताऱ्याच्या दारावरनं तोंड फिरवून गेलंव. त्याच्या बायकोच्या वर्षश्राद्धाला कोण गेलं नाय. तू गेलास?"

"नाही."

"मग तू आमच्यातलाच," ती म्हणाली आणि चिठ्ठी देवीच्या पायाशी ठेवून आली.

तिथे मला पहिल्यांदा काहीतरी झालं. रडू नाही. मी खाली बसलो. यशोदाकाकूंचं वर्षश्राद्ध. मला तारीख माहीत होती. त्या दिवशी मी खाडीवर बाटल्या भरत होतो, तुमच्या घरावरूनच गेलो होतो.

बैठकीने दोन गोष्टी ठरवल्या. पाइप खाडीतून निघेपर्यंत गावाचा होकार मागे, तसं मनस्वीबाईंना सगळ्यांनी अंगठे आणि सह्या करून दिलं. सही करणाऱ्यांत जनीकाकीची सूनही होती. दुसरं, तुम्हाला आणायला माणसं पाठवायची. निलेश म्हणाला, "काकांशिवाय शिमग्याचा कौल मी लावणार नाय." जनीकाकी म्हणाली, ती स्वतः एसटीने खेडला येणार.

कंपनीने सकाळी फोन करून सांगितलं की कामावर येऊ नका, पुढचं कळवू. कारखाना थांबला तर चाळीस घरांचं काय, ते मला माहीत नाही. मी ते माहीत असल्यासारखं इतकी वर्षं लिहीत आलो.

गुरुप्रसाद


आडखार,
४ मार्च २०२५

तात्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं नव्हतं. पाकीट बंद करताना तुमच्या रीतीने स्वतःलाच विचारलं, काय राहिलं असेल तर बोल. एकदा विचारलं, काही आलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा आलं, म्हणून हा कागद जोडतोय.

पाणखडकाची जागा इंजिनियरांनी शोधली नाही. त्यांना तो खडक कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. ते पुलाच्या वर कुठेतरी पाइप सोडणार होते. मला विचारलं, तुम्ही इथले ना, खाडीला ओढ सगळ्यात जास्त कुठे असते? मी त्यांना पाणखडकावर घेऊन गेलो आणि बोट दाखवलं.

मी सात वर्षांचा होतो. नारळी पौर्णिमेला तुम्ही मला त्या खडकावर हाताला धरून उभं केलं होतं. ओहोटीला नारळ सोडलात, तो बघता बघता बाहेर गेला. म्हणालात, "हितनं सोडलेलं परत येत नाय बाळा." मी पुढे सात-आठ वर्षं दर नारळी पौर्णिमेला बघितलं. एकदाही नारळ परत आला नाही. सगळ्या कागदांत मला ठामपणे माहीत असलेली ती एकच गोष्ट होती. कागदावर लिहिलं, 'नैसर्गिक निचऱ्याची जागा'. मला वाटलं होतं मी खाडी वाचवतोय. गप्प बसायला मला तेवढं पुरलं.

नारळ तरंगतो, तात्या. पाण्याबरोबर येणारा गाळ बुडतो. तो बाहेर जात नाही, खडकामागच्या वळणात बसतो आणि भरतीला आत पसरतो, थेट मुळ्यांच्या गाळावर. हे जनीकाकीला पायांनी कळतं. मला एकदाही तिला विचारायचं सुचलं नाही, कारण मी इथलाच होतो.

हे मी परवा देवळात बोललो नाही. पाइपचं बोललो, जागेचं नाही. तुमचं नाव धुवायला तेवढं पुरेसं होतं, आणि माझं त्याहून जास्त काळं करायची माझी हिंमत झाली नाही.

मी आपणहून सांगायला उभा राहणार नाही, मला माझी सवय माहीत आहे. जनीकाकी गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतेय. तिच्याबरोबर या. देवळात गावाकडे तोंड करून विचारा. तीनदा विचारा. आणि दुसऱ्या वेळी घड्याळाकडे नका बघू, माझ्याकडे बघा.

गुरुप्रसाद